तारलीच्या पोटातला पावसाळा

मी राळेगावचा, यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे मृगाचा पाऊस लांबला की कापसाचं गणित बिघडतं. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. पण तिथल्या एका माशाचं गणितही याच मोसमी वाऱ्यांवर चालतं. आजचा भाग त्याच्यावर. तो मासा म्हणजे तारली.

कोकण-गोव्यापासून केरळपर्यंत तारली हा स्वस्तातला, रोजच्या ताटातला मासा. मलबारात तिचं तेल काढायचे आणि उरलेला चोथा बागांना खत म्हणून जायचा. पण ही भारी लहरी! एका वर्षी ढीगच्या ढीग, तर दुसऱ्या वर्षी जाळं रिकामं. 1940 च्या दशकात तर ती जवळजवळ दिसेनाशीच झाली. 1943 साली मद्रास सरकारने तिच्या मासेमारीवर निर्बंध घातले. म्हणजे दोष कोणाचा? मच्छीमाराचा!

दुसरा धागा मात्र तारलीच्या पोटात होता. जेम्स हॉर्नेल आणि नायडू यांनी 1924 सालीच तिच्या जीवनक्रमावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. तारली पाठलाग करून शिकार करत नाही; कल्ल्यांतल्या दाट काट्यांच्या चाळणीतून पाणी गाळते. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खोलातलं पाणी वर येतं, सोबत पोषक क्षार आणतं, आणि डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ फोफावतं. तेव्हा तारलीचं मुख्य खाणं तेच. इतर महिन्यांत कोपेपॉडसारखे बारीक जीवही चालतात. पावसाळ्यानंतर ती तेलाने भरते, उन्हाळ्यात रोडावते.

मग 1955 साली आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन यांनी ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं, की फ्रॅजिलेरिया ओशियानिका हे डायटम तारलीच्या सुकाळाची खूण आहे.

म्हणजे जाळ्याचा काहीच दोष नाही का? तसंही नाही. केरळात 2012 साली जवळपास 4 लाख टन तारली मिळाली होती. 2021 साली साडेतीन हजार टनांहूनही कमी. समुद्रात खाणं कमी पडलं, त्याच वर्षी मोठी जाळी पिल्लंही उपसू लागली, तर मासा सावरणार कधी?

आज उपग्रहाला समुद्राचा हिरवेपणा दिसतो. त्यावरून हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था मच्छीमारांना मासा कुठे मिळेल ते कळवते. माझं म्हणणं एवढंच, की याच माहितीवरून कधी थांबायचं हेही ठरवता यावं. पीक बुडालं की आपण आणेवारी काढतो. समुद्राचीही काढायला हवी, आणि त्या वर्षी होडी किनाऱ्यावर ठेवणाऱ्याला भरपाईही मिळायला हवी.

भेटू पुढच्या भागात!