टेबलाभोवतीच्या खुर्च्या

मार्टी अहतिसारींनी मार्च २००० मध्ये फिनलंडचं राष्ट्राध्यक्षपद सोडलं तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. माजी राष्ट्रप्रमुखाने पुढे काय करावं याचे रस्ते ठरलेले असतात. आठवणी लिहाव्यात, संचालक मंडळांवर बसावं, फिती कापाव्यात. अहतिसारींनी हेलसिंकीत एक लहानसं ऑफिस थाटलं आणि त्याला नाव दिलं ‘क्रायसिस मॅनेजमेंट इनिशिएटिव्ह’. खरं तर हे नाव एखाद्या सल्लागार कंपनीला जास्त शोभलं असतं. पण सगळे ‘सीएमआय’ म्हणू लागले आणि नावाचा प्रश्न मिटला.

या माणसाचा पूर्वेतिहास पाहिला तर ते ऑफिस आश्चर्याचं वाटत नाही. जन्म १९३७ चा, व्हीपुरीचा. हे गाव युद्धात सोव्हिएत संघाकडे गेलं आणि कारेलिया प्रांतातली चार लाखांवर माणसं घरदार सोडून पश्चिमेकडे निघाली; त्यांत तान्ह्या मार्टीला घेऊन निघालेली त्याची आईही होती. शिक्षकाचं प्रशिक्षण घेतल्यावर १९६० मध्ये ते थेट कराचीत आले, वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण केंद्रात काम करायला. पुढे फिनलंडच्या परराष्ट्र खात्यात शिरले तेही विकास मदतीच्या विभागातून. मग टांझानियात राजदूत, मग संयुक्त राष्ट्रांच्या वतीने नामिबिया. नामिबियाच्या त्या मोहिमेत मुलकी बाजू अहतिसारींकडे होती आणि सैन्याची धुरा दिवाण प्रेमचंद या भारतीय लेफ्टनंट जनरलकडे. मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला. म्हणजे हा मुत्सद्दी घडला तो मेजवान्यांत कमी आणि मदतकार्याच्या फायलींत जास्त.

इथे एक शब्द नीट लावून घ्यायला हवा. आपल्याकडे भांडण मिटवायला बसतो तो पंच. पंच दोन्ही बाजू ऐकतो आणि निवाडा देतो. मध्यस्थाला निवाडा देता येत नाही. त्याच्याकडे असते ती फक्त बसायची जागा, वेळापत्रक आणि दोन्हीकडचा थोडाफार विश्वास. आणि आणखी एक गोष्ट, जिची चर्चा कमी होते: खोलीत कोणाला बोलवायचं हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. सीएमआयची वाटचाल मी वाचतो ती या शेवटच्या गोष्टीच्या अंगाने.

पहिली चार वर्षं संस्थेकडे जगाचं फारसं लक्ष नव्हतं. मग आचे आलं.

सुमात्रा बेटाचं उत्तर टोक म्हणजे आचे. हसन दी तिरो यांनी ४ डिसेंबर १९७६ रोजी तिथे स्वातंत्र्याची घोषणा केली आणि ‘मुक्त आचे चळवळ’, तिथल्या लघुनामाने ‘गाम’, जंगलात गेली. पुढची जवळजवळ तीस वर्षं इंडोनेशियाचं लष्कर आणि गाम यांच्यात माणसं मरत राहिली. हा आकडा साधारण पंधरा हजार सांगतात. जिनिव्हाच्या हेन्री द्युनां सेंटरने बरीच खटपट करून डिसेंबर २००२ मध्ये शस्त्रसंधी घडवून आणली होती. मे २००३ मध्ये ती मोडली आणि आचेत लष्करी कायदा आला.

पुढचा धागा जुळला तो युहा क्रिस्टेनसन या फिनिश माणसामुळे. हे काही राजनैतिक अधिकारी नव्हते. इंडोनेशियात राहिलेले, तिथली भाषा येणारे व्यावसायिक. उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काल्ला यांच्या विश्वासातल्या डॉक्टर फरीद हुसेन यांच्याशी त्यांची ओळख होती. स्वीडनमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या गामच्या नेत्यांकडे त्यांनी खेटे घातले आणि शेवटी अहतिसारींचं दार वाजवलं. बोलण्यांची जुळवाजुळव २००४ च्या अखेरीस होत होती. २६ डिसेंबरला समुद्र आत आला. एकट्या आचे प्रांतात दीड लाखाहून जास्त माणसं गेली. त्सुनामीने शांतता आणली असं सरसकट लिहिलं जातं, ते मला अर्धंच खरं वाटतं. त्याच लाटेने श्रीलंकेचाही किनारा धुऊन नेला होता, आणि तिथलं युद्ध त्यानंतर आणखी पेटलं. आचेत बोलण्यांचं दार आधीच किलकिलं झालेलं होतं. लाटेने ते बंद करणं दोघांनाही अशक्य करून टाकलं.

२००५ च्या जानेवारी अखेरीस हेलसिंकीजवळच्या व्हान्ता इथे, क्योनिगस्टेट नावाच्या जुन्या हवेलीत दोन्ही बाजू बसल्या. बाहेर बर्फ. आत एका बाजूला इंडोनेशियाचे कायदामंत्री हमीद अवालुद्दीन आणि सहकारी, दुसऱ्या बाजूला मलिक महमूद आणि स्टॉकहोमहून आलेली मंडळी. अहतिसारींनी सुरुवातीलाच नियम सांगितला: सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलं असं मानायचं नाही. आणि स्वातंत्र्याच्या मागणीवर वेळ घालवायचा असेल तर मी या कामात नाही, हेही सांगून टाकलं. असं फटकळ बोलणारा मध्यस्थ पुस्तकात बसत नाही.

घोडं अडलं होतं शब्दावर. सरकार म्हणे ‘विशेष स्वायत्तता’. गामच्या लेखी हा शब्द जाकार्ताने वापरून वापरून नासवलेला. गाम म्हणे स्वातंत्र्य. तो शब्द जाकार्ताच्या कानाला सहन होत नव्हता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या फेरीत ‘स्वशासन’ हा शब्द टेबलावर आला. त्याची दोन्हीकडे काही पूर्वपीठिका नव्हती, कोणी त्यासाठी मेलं नव्हतं. तो चालला. शेवटचा अडसर स्थानिक पक्षांचा. इंडोनेशियाच्या कायद्यात पक्ष देशभर पसरलेला असावा लागे. आचेपुरता पक्ष काढायची सोय नव्हती. जुलैच्या पाचव्या फेरीत तेही सुटलं. १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत सह्या झाल्या. या बोलण्यांसाठी युरोपीय महासंघाने दिलेले पैसे पावणेतीन लाख युरोंच्या आसपास होते. तीस वर्षांच्या युद्धाच्या हिशेबात हा आकडा मांडून पाहण्यासारखा आहे.

अंमलबजावणी आकड्यांनी बांधलेली होती. गामने ८४० शस्त्रं द्यायची, सरकारने बाहेरून आणलेलं सैन्य आणि पोलीस हलवायचे, मागे १४,७०० सैनिक आणि ९,१०० पोलीस ठेवायचे. युरोपीय महासंघ आणि आसियानच्या पाच देशांच्या निरीक्षकांनी १५ सप्टेंबरपासून काम सुरू केलं. गामने प्रत्यक्षात हजाराच्या वर शस्त्रं आणून दिली; त्यांतली काही गावठी किंवा निकामी म्हणून बाद झाली. मैदानात लोकांसमोर बंदुका करवतीने कापल्या गेल्या. वर्षअखेर ८४० चा आकडा पुरा झाला. डिसेंबर २००६ मध्ये निवडणूक झाली आणि गामचे इरवांदी युसुफ गव्हर्नर झाले. त्सुनामीच्या दिवशी हा माणूस बांदा आचेच्या तुरुंगात होता. पाणी शिरलं तेव्हा छत फोडून बाहेर पडला म्हणून वाचला.

इथपर्यंतची गोष्ट सीएमआयच्या अभिमानाची. २००८ मध्ये अहतिसारींना शांततेचं नोबेल मिळालं त्यामागे नामिबिया आणि कोसोव्होतल्या त्यांच्या कामाबरोबर आचेही होतं.

आता त्या हवेलीतल्या खुर्च्या मोजू. बोलण्यांच्या काळात गामच्या चमूत एकच स्त्री होती, शादिया मरहाबान. सरकारी शिष्टमंडळात सगळे पुरुष. आणि आचे म्हणजे काही बायका माजघरात बसलेला प्रांत नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मलाहयाती नावाची स्त्री तिथे नौदलाची सेनापती होती. युद्धात नवरे गमावलेल्या बायकांची तुकडी तिने उभी केली, तिचं नाव ‘इनोंग बाली’. गामनेही आपल्या स्त्री सैनिकांना हेच नाव दिलं होतं. फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे हेलसिंकीच्या पाच वर्षं आधी, शेकडो आचेनी बायकांनी बांदा आचेत परिषद भरवून बंदुका थांबवा, बोला, असं सांगितलं होतं. बोलायची वेळ आली तेव्हा त्यांना कोणी बोलावलं नाही.

याची किंमत एका यादीत दिसते. करारात माजी लढवय्यांचा आकडा ३,००० धरला होता. खरे लढणारे त्याहून पुष्कळ जास्त होते. नावं देणार गामचे स्थानिक कमांडर आणि नावामागे मिळणार पैसे. इनोंग बालीच्या बायका त्या यादीतून सुटल्या. ज्यांनी जंगलात निरोप पोचवले, भात शिजवून नेला, बंदूकही चालवली, त्या ‘लढवय्या’ या व्याख्येत बसल्या नाहीत. कोणी दुष्टपणाने हे केलं असं नाही. व्याख्या लिहिताना खोलीत कोणाच्या ते लक्षातच आलं नाही, इतकंच.

अहतिसारींची बाजूही सांगायला हवी. जानेवारी २००५ मध्ये त्या टेबलाभोवती तीस-चाळीस माणसं बसवली असती तर पहिल्या दोन दिवसांत बातम्या फुटल्या असत्या, आणि जाकार्तातले लष्करी अधिकारी व संसद सदस्य तेवढ्याचीच वाट पाहत होते. लहान खोली हा त्यांचा डावपेच होता आणि तो लागू पडला. माझं मत विचाराल तर टेबल लहान असण्याला माझी हरकत नाही. पण खोलीबाहेरच्यांचं म्हणणं आत न्यायची एक खिडकी तरी ठेवता आली असती, आणि ती कशी ठेवायची याचं शास्त्र तेव्हा कोणाकडेच धड नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा स्त्रिया आणि शांततेविषयीचा ठराव, क्रमांक १३२५, ऑक्टोबर २००० मध्येच मंजूर झाला होता. पण ठराव फायलीत होता.

सीएमआयची मला आवडणारी वाटचाल इथून सुरू होते, आणि तिला नोबेल वगैरे नाही. मधल्या काळात इराकच्या गटांना हेलसिंकीत आणून दक्षिण आफ्रिका आणि उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या वैऱ्यांसमोर बसवण्याचा प्रयोग झाला. तोही नेत्यांचाच. मग २०१० नंतर संस्थेने आचेत परत माणसं पाठवली, करारातलं काय झालं आणि काय राहिलं हे तपासायला. आपण घडवलेल्या यशाचं ऑडिट आपणच करायला जाणं हे मदत क्षेत्रात फार वेळा होत नाही. प्रकल्प संपला की अहवाल जातो आणि ऑफिस बंद होतं.

२०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मध्यस्थीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सर्वसमावेशकता हे एक मूलतत्त्व म्हणून आलं. पुढच्या वर्षापासून संयुक्त राष्ट्रांचा राजकीय विभाग, ओस्लोची शांतता संशोधन संस्था आणि सीएमआय यांनी मिळून वरिष्ठ मध्यस्थांसाठी परिसंवाद सुरू केले. विषय होता मध्यस्थीत स्त्रियांचा आणि इतर वगळलेल्यांचा सहभाग. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर वाटाघाटी केल्या अशा विशेष दूतांना पुन्हा वर्गात बसवणं. आणि वर्गात बसवण्याइतकी गरज होती. १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया १३ टक्के आणि मध्यस्थांत ६ टक्के होत्या. पुढे २०१७ मध्ये याच विषयावर संयुक्त राष्ट्रांची वेगळी मार्गदर्शिका आली.

मग नव्या प्रकारचा माणूस या क्षेत्रात दिसू लागला: समावेशक मध्यस्थीचा सल्लागार. तो, आणि आता बऱ्याचदा ती, टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसत नाही. तिचं काम आधी सुरू होतं. या प्रांतात कोणकोण आहे, कोणाची कोणाशी सोयरीक, बाजार कोण चालवतं, शाळा कोणी उघडी ठेवली, याची माहिती ती गोळा करते. दोन्ही शिष्टमंडळांत आणखी एक-दोन जागा वाढवल्या तर कोण येईल, हे आधीच विचारून ठेवते. कारण ऐनवेळी ‘आम्हाला लायक बाई सापडली नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. मुख्य टेबल लांबवता येत नसेल तर शेजारच्या खोलीत सल्लागार मंच भरवते आणि तिथला कागद संध्याकाळी आत जाईल अशी व्यवस्था करते.

मसुदा आला की ती कलमं एकेक करून वाचते. युद्धबंदीची रेषा ओढ्याच्या अलीकडून जाते की पलीकडून? पाण्याला जाणारं कोण असतं? सैन्य हललं की चौकी रिकामी, पण चौकीशेजारचा आठवडी बाजार पुन्हा कोणाच्या भरवशावर भरणार? नवऱ्याच्या नावावरची जमीन, नवरा बेपत्ता, मृत्यूचा दाखला नाही. मग बाईला भरपाई कुठल्या कागदावर मिळणार? या प्रश्नांनी वाटाघाटी मोडत नाहीत. उलट कित्येकदा मुख्य मुद्द्यावर अडून बसलेल्यांना बोलायला काहीतरी मिळतं.

यात तोंडदेखलेपणाही शिरलाच. फोटोसाठी एक बाई मागच्या रांगेत बसवायची, देणगीदाराला कळवायचं की समावेश झाला. ‘स्त्रिया’ हा एकजिनसी गट मानायचा, जणू सरकारी अधिकाऱ्याची बायको आणि बंडखोराची विधवा एकच मागणी करणार आहेत. मदत संस्थांच्या तीन वर्षांच्या प्रकल्पांत हे सगळं बसवायचं तर आणखी पंचाईत. विश्वास आर्थिक वर्ष पाहून वाढत नाही. आणि समावेशाचं फळ मोजायचं कसं, हा प्रश्न पैसे देणारा विचारतोच. न फुटलेल्या भांडणाची पावती कुठून आणणार?

अहतिसारी हळूहळू मागे सरले. २०२१ मध्ये त्यांच्या अल्झायमरविषयी जाहीर करण्यात आलं आणि १६ ऑक्टोबर २०२३ रोजी ते गेले. संस्था आता त्यांचंही नाव लावते.

आचेचं सांगायचं तर, करारात सत्य आणि समेट आयोगाचं एक कलम होतं. तो नेमला जायला २०१६ उजाडलं. त्याची पहिली जाहीर सुनावणी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बांदा आचेत भरली, सह्या झाल्यानंतर तेरा वर्षांनी. नेते नव्हे, संघर्षात भरडली गेलेली साधी माणसं पहिल्यांदाच माईकसमोर येऊन बसली आणि आपल्या घरी काय झालं ते सांगू लागली.