फ्लायव्हीलवरील व चाकांवरील अश्वशक्ती : हौशी मोटारशर्यतींतील एका मोजमापाचा इतिहास

प्रस्तावना :

मोटारीच्या माहितीपत्रकात छापलेली अश्वशक्ती आणि रस्त्याला प्रत्यक्ष मिळणारी अश्वशक्ती या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली इंजिनाच्या फ्लायव्हीलवर मोजली जाते. दुसरी क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट व डिफरन्शियल ओलांडून, वाटेत काही अंश गमावून, चाकांपर्यंत पोहोचते. स्वखर्चाने गाडी सजवून शर्यतीत उतरणाऱ्या हौशी चालकाच्या दृष्टीने हा फरक केवळ पारिभाषिक नाही. आपली गाडी कोणत्या गटात बसणार, हेच त्यावर ठरू शकते. या दोन आकड्यांमधील अंतर कसे निर्माण झाले व त्याचा अंदाज बांधण्याच्या रीती कितपत विश्वसनीय आहेत, याचा मागोवा प्रामुख्याने अमेरिकेच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मापनाची पूर्वपीठिका :

जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती, असे परिमाण रूढ केले. आपले वाफेचे यंत्र किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला पटवणे हा त्यामागील उद्देश होता. म्हणजे जन्मापासूनच हे परिमाण विक्रीशी निगडित आहे. १८२१ मध्ये फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने फिरत्या शाफ्टवर घर्षणाचा ब्रेक दाबून शक्ती मोजण्याची युक्ती काढली. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ ही संज्ञा या ब्रेकवरूनच आली. पुढे १८७७ मध्ये विल्यम फ्राउड याने त्याच कामासाठी पाण्याचा रोध वापरला. ही सर्व मोजमापे शाफ्टवरची होती, चाकावरची नव्हती.

ब्रिटनमध्ये तर न मोजताच अश्वशक्ती ठरवण्याचा प्रकार घडला. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या सूत्रानुसार सिलिंडरच्या इंचातील व्यासाचा वर्ग गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच, हा आकडा करआकारणीसाठी धरला जाई. त्यात पिस्टनच्या धावेला स्थानच नव्हते. परिणामी अरुंद व्यासाची, लांब धावेची इंजिने तेथे बोकाळली. आकडा वास्तवाचे वर्णन करण्याऐवजी वास्तवच घडवू लागतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

स्थूल व निव्वळ :

अमेरिकेत १९७१ पर्यंत ‘ग्रॉस’ म्हणजे स्थूल अश्वशक्ती छापली जात असे. इंजिन उघड्या चौकटीवर चढवून, एअर क्लीनर, पंखा, मफलर इत्यादी भार काढून ही चाचणी होई. १९७२ च्या मॉडेलांपासून सर्व सामग्रीसह मोजलेली ‘नेट’ अश्वशक्ती सार्वत्रिक झाली. १९७१ च्या शेवरले कॉर्व्हेटचे मूळ इंजिन स्थूल मापाने २७० आणि निव्वळ मापाने २१० अश्वशक्तीचे होते. इंजिन तेच, चालकही तोच. मात्र साठ घोडे कागदावरून गेले. उलट बाजूस १९६८ च्या फोर्डच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनाचा अधिकृत आकडा ३३५ हा बुद्ध्याच कमी छापल्याचे सर्वमान्य आहे. ड्रॅग शर्यतींत वजन व घोषित अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावर गट ठरत, म्हणून कमी आकडा लाभाचा होता. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनला अशा गाड्यांची अश्वशक्ती आपल्या अधिकारात पुन्हा ठरवावी लागे.

अंदाजाच्या रीती व त्यांचा कच्चेपणा :

शक्तिमापक यंत्र हाताशी नसलेल्या हौशी मंडळींनी पाव मैलाच्या धावपट्टीलाच मापनयंत्र केले. शेवटच्या टप्प्यातील वेग ताशी मैलांत घेऊन त्याला २३४ ने भागावे, त्याचा घन करावा व चालकासह गाडीच्या पौंडातील वजनाने गुणावे, असे एक प्रचलित सूत्र आहे. ३,४०० पौंडांची गाडी ताशी १०० मैल गाठत असेल, तर उत्तर सुमारे २६५ येते, आणि ते फ्लायव्हीलचे मानले जाते. वेग हा शक्तीचा बराच प्रामाणिक साक्षीदार असतो. लागलेला वेळ मात्र टायरच्या पकडीवर व चालकाच्या हातखंड्यावर अवलंबून राहतो.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रोलरवरील चेसिस डायनामोमीटर सर्वसामान्य गॅरेजमध्ये आले व चाकांवरील आकडा सहज मिळू लागला. त्याबरोबर उलटा हिशेबही रूढ झाला : मागील चाकांवर चालणाऱ्या, हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत १५ टक्के घट धरावी आणि चाकांवरचा आकडा ०.८५ ने भागावा. आमच्या मते हा हिशेब नव्हे, रिवाज होय. २०० अश्वशक्तीच्या इंजिनाची चाकांवर १७० भरली, तर ३० गेली. त्याच गाडीत, तोच गिअरबॉक्स व तोच अ‍ॅक्सल ठेवून ४०० अश्वशक्तीचे इंजिन बसवले, तर रिवाजानुसार ६० गेली पाहिजेत. म्हणजे सुमारे ४५ किलोवॅट. पण तेल घुसळण्यात, सील व बेअरिंगच्या घर्षणात जाणारी शक्ती मुख्यत्वे फेऱ्यांवर अवलंबून असते, इंजिनाच्या जोरावर नव्हे. दातांच्या घर्षणातील घट तेवढी भाराबरोबर वाढते. तेव्हा घट दुप्पट होण्याचे कारण नाही. शिवाय जड रोलरला वेग देऊन शक्ती काढणाऱ्या यंत्रावर गाडीचे फ्लायव्हील, गिअर व चाके यांनाही वेग द्यावा लागतो, आणि ती शक्ती घटीत मोजली जाते. स्थिर वेगाने ब्रेक लावणाऱ्या यंत्रावर ती घट दिसतच नाही. टायरची हवा आणि गाडी रोलरवर आवळणारे पट्टे हे आणखी वेगळे प्रकरण.

एवढा कच्चेपणा असूनही या यंत्राने एक मोठे काम केले. १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. मालकांनी गाड्या रोलरवर चढवल्या, तेव्हा चाकांवरचे आकडे त्या दाव्याशी जुळेनात. फोर्डने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड व एक्झॉस्ट यांत दुरुस्ती करून दिली. फ्लायव्हीलचा आकडा तपासण्याचे साधन प्रथमच ग्राहकाच्या हाती आले होते, आणि ते अचूक नसले तरी पुरेसे ठरले.

शर्यतींच्या संयोजकांनी यातून व्यवहारी मार्ग काढला. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनच्या काही गटांत गाडीचे वजन व चाकांवर मोजलेली अश्वशक्ती यांचे गुणोत्तरच नियमात घातले आहे. अर्थात हवामानाच्या दुरुस्तीचा प्रश्न तेथेही सुटत नाही, १५.५ अंश सेल्सियसचे जुने प्रमाण आणि २५ अंशांचे नवे प्रमाण यांत सुमारे ४ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून कोणती दुरुस्ती धरायची हे आधी ठरवून घ्यावे लागते. ते ठरले की चालकाने यंत्राचा कागद दाखवावा आणि गाडी काट्यावर उभी करावी; फ्लायव्हीलचा आकडा तेथे कोणी विचारत नाही.