पणजोबांचा पत्ता

आमचे पणजोबा कोणाचे, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळाली. त्या धामधुमीत भायखळ्याच्या एका चाळीच्या जिन्यात ते दोन वर्षांचे रडत बसलेले सापडले, एवढंच. आत्या म्हणते, सरदारांच्या घरचे. नाकावरून कळतं म्हणे! काका म्हणतात, कोकणातले. सुकट आवडायची ना! आता भायखळ्यात सुकट कोणाला आवडत नाही?

परवा पुतण्याने डीएनएसाठी नळी पुढे केली. "काका, थुंका." जन्मभर 'येथे थुंकू नये' वाचलेल्या मुंबईकराला ते जडच गेलं. तो म्हणाला, पणजोबांचा सुमारे आठवा हिस्सा तुमच्यात आहे. उत्तर आलं : जवळचं कोणी जुळत नाही. समोरचाही थुंकला असेल तरच नातं लागतं!

मला नारायण सुर्वे आठवले. टाकून दिलेलं ते तान्हं पोर गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने उचललं, आपलं नाव दिलं. ते पोर मोठा कवी झालं. १९९८ साली पद्मश्री मिळाली. 'सुर्वे' कुठल्या नळीत सापडणार होते?

पणजोबांनाही चाळीतल्या एका बाईने उचललं. सगळे पळत होते, ती थांबली. आमचं आडनाव तिच्या घरचं. रक्त मात्र थेंबभर नाही. पुतण्याला म्हटलं, "वंशावळीत सगळ्यांत वर तिला लिही."

"नाव काय तिचं?"

आत्यासुद्धा गप्प!