गोठलेल्या नद्यांच्या नोंदी

मोसमाच्या अखेरीस अचानक कोसळणाऱ्या पावसाची आपल्या वसई-विरारला धास्ती असते. भारतातल्या अशा पावसाचा एक धागा गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये थेट रशियाच्या उत्तरेपर्यंत नेला. तिथल्या कारा समुद्रातला बर्फ कमी होणं आणि आपल्याकडची सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो, असं त्यांनी मांडलं.

याच कारा समुद्राला सायबेरियातल्या ओब आणि येनिसेई या दोन महानद्या मिळतात. हिवाळ्यात त्या गोठतात, पण बर्फाखाली पाणी वाहतच असतं. तेव्हा पाऊस नसतो, बर्फ वितळत नसतो. म्हणजे वाहतं ते मुख्यतः जमिनीतून झिरपलेलं पाणी. वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, खोलवर वितळू लागली की झिरपायला नव्या वाटा मिळतात आणि हिवाळ्यातला प्रवाह वाढू शकतो. जमिनीची तब्येत कळते ती अशी, नदी गोठलेली असताना.

हे मोजायचं कसं? जाड बर्फाला ओळीने भोकं पाडायची, प्रत्येक भोकातून खोली आणि पाण्याचा वेग मोजायचा, मग हिशोब करायचा. सोव्हिएत काळात नदीकाठच्या चौक्यांवरची माणसं हे काम पिढ्यान्पिढ्या करत राहिली. अशा लांबलचक नोंदींमुळेच २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निष्कर्ष छापून आला: आर्क्टिक महासागराला मिळणाऱ्या युरेशियातल्या सहा सर्वांत मोठ्या नद्यांचं पाणी १९३६ ते १९९९ या काळात सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं.

पण सोव्हिएत संघ कोसळला, पैसा आटला आणि बऱ्याच चौक्या बंद पडल्या. नोंदींची सर्वांत जास्त गरज होती, नेमकी तेव्हाच.

आपणही तिथे उशिराच पोचलो. भारताचं 'हिमाद्री' केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर १ जुलै २००८ रोजी सुरू झालं, पण पुढची पंधरा वर्षं आपल्या मोहिमा मुख्यतः उन्हाळ्यातच जात. पहिली हिवाळी मोहीम निघाली डिसेंबर २०२३ मध्ये. पहिल्या तुकडीत गोव्याच्या या केंद्रासोबत पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, बंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि आयआयटी मंडी होत्या. ही मोहीम नद्यांसाठी नव्हती. तरी चोवीस तास अंधार असलेल्या त्या महिन्यांतला आपला कोरा रकाना तिने भरायला घेतला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या लॉगमध्ये खंड पडला, तर बहुतेक वेळा टेस्ट पुन्हा चालवता येते. १९९५ चा हिवाळा पुन्हा चालवता येत नाही. कितीही भारी मॉडेल असलं, तरी ती रिकामी जागा ते अंदाजानेच भरतं. आणि पुढचे अंदाज त्याच अंदाजावर उभे राहतात.