फरासखान्याचे वारस

मैसूर शहराच्या वायव्येस, हुणसूरवरून कोडगूच्या डोंगरांकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला हूटगळ्ळी नावाचे जे गाव आहे, ते आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. आणि आठवड्याच्या शेवटी या बाजूने पश्चिमेकडे निघणाऱ्या मोटारींत अशीही कुटुंबे असतात, की ज्यांना डोंगरात, कापडाच्या छताखाली, परंतु गादी-उशी, विजेचा दिवा आणि ऊन पाण्याचे स्नानगृह यांसह एक रात्र काढावयाची असते. या हौसेला ग्लॅम्पिंग हे नाव नव्या शतकात मिळाले, आणि नाव परदेशी असल्यामुळे चालही परदेशी असावी, अशी समजूत सहज होते. वास्तविक ज्या भूमीवरून या मोटारी जातात, तिच्या दहा कोसांच्या परिघात या चालीच्या वंशावळीची कित्येक पाने लिहिली गेली आहेत.

कापडी निवाऱ्याची मूळची दोन घराणी आहेत, आणि त्यांतील भेद गादीच्या मऊपणाचा नाही. एका घराण्यातला माणूस आपले बिऱ्हाड स्वतः वाहून नेतो आणि स्वतःच्या हाताने मेख ठोकतो. दुसऱ्या घराण्यातल्या माणसाच्या आधी त्याचा डेरा पुढे गेलेला असतो आणि तो पोहोचतो तेव्हा दिवे लागलेले असतात. आपल्या येण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी येऊन राबलेले असणे, हेच या दुसऱ्या घराण्याचे कुलचिन्ह होय.

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही छावणीचा जो तपशील नोंदविला आहे, त्यात बारगाह, रावटी, सरापर्दा आणि शामियाना यांच्या वर्णनाबरोबरच हा सरंजाम हलविण्यास लागणारे १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल यांचाही हिशेब आहे, आणि डेरे उभारणाऱ्या फर्राशांची संख्या १००० दिली आहे. पुढे १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर दिल्लीहून काश्मीरच्या वाटेस लागलेल्या फ्रेंच वैद्य बर्नियेने या व्यवस्थेचे मर्म नेमके हेरले: बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत, एका मुक्कामी बादशहा राहत असता दुसरा संच, ज्यास पेशखाना म्हणत, एक मजल पुढे जाऊन उभा राहत असे. डेऱ्यांचे बाहेरचे कापड जाड आणि तांबडे, तर आतले अस्तर मच्छलीपट्टणच्या चित्रित छिटाचे असे. हिमालयाच्या वाटेवर, थंडीत, फुलांच्या भिंतींमध्ये निद्रा घेण्याची ही सोय आजच्या कोणत्याही जाहिरातीस मागे टाकील अशी होती.

मराठ्यांनी हे शास्त्र उचलले, आणि ते सजावटीसाठी नव्हे तर राजकारणासाठी प्रथम वापरले, याचा मला विशेष अभिमान वाटतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीसाठी जी सदर उभारली होती, तिचे बिछाने आणि मोत्यांच्या झालरी पाहून खान चकित व संतप्त झाला, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. जावळीच्या निबिड अरण्यात, जेथे एक बैल नेणेही कष्टाचे, तेथे असा शामियाना आधीच सिद्ध करून ठेवण्यात यजमानाची जी तयारी व्यक्त होते, तिच्यापुढे मोत्यांचे मोल गौण आहे. खान आपल्या डेऱ्यातून उठून दुसऱ्याच्या डेऱ्यात आला, आणि त्या क्षणी भूमीवरचा ताबा कोणाचा, हे ठरून गेले होते.

राज्याच्या अठरा कारखान्यांत फरासखाना हा एक स्वतंत्र कारखाना असे. डेरे, राहुट्या, कनाती, जाजमे, बिछायती आणि त्यांची देखरेख करणारी माणसे यांचा तो महकमा. पुण्यातील बुधवार पेठेतल्या पोलीस चौकीला आजही फरासखाना म्हणतात. औरंगजेबाने १६८१ पासून १७०७ पर्यंत आपले उर्वरित आयुष्य दक्षिणेत, बहुतांशी तंबूतच, घालविले. आणि संताजी घोरपड्यांच्या तुकडीने त्याच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले, ही कथा महाराष्ट्राने इतक्या प्रेमाने जपली, याचे कारण डेरा हीच त्या काळी राजधानी होती.

आता पुन्हा मैसूरकडे वळू. मे १७९१ मध्ये, टिपूवर चालून आलेला कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणसमोर अन्नावाचून जेरीस आला, आणि आज जेथे कृष्णराज सागर धरण आहे त्या कण्णंबाडीजवळ आपल्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून माघारी वळला. महिनाअखेर मेलुकोटेच्या आसमंतात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्यास येऊन मिळाल्या, आणि इंग्रज शिपायांनी पाहिले ते असे, की मराठ्यांच्या छावणीत धान्य तर होतेच, पण काश्मिरी शाली, विलायती बनात, जवाहीर आणि नाना देशांची नाणी मांडून बसलेले सराफही होते. एक अख्खे शहर तंबूंतून चालत तेथवर आले होते. अशा चालत्या शहरांतले एखादे कधी थांबते: दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला मुक्काम टाकला तो उठलाच नाही, आणि त्या छावणीचे शहर झाले, तेच आजचे लष्कर.

४ मे १७९९ रोजी टिपू पडला, आणि त्याच्या मालमत्तेतील एक डेरा मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या घराण्याकडे गेला. तो आज वेल्समधील पोविस किल्ल्यात आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा बऱ्हाणपुरास, तयार झालेले त्याचे छीट पांढऱ्या भूमीवर फुलझाडांच्या कुंड्या रेखाटून, ठसे आणि कुंचला या दोहोंनी रंगविलेले आहे. क्लाइव्हच्या वंशजांनी तो आपल्या बागेतील मेजवान्यांसाठी उभारला. रणभूमीवर सुलतानाचे छत झालेली वस्तू सहभोजनाची शोभा झाली, आणि ऐश्वर्याचा डेरा सत्तेपासून सुटून निव्वळ आनंदाचा विषय कसा झाला, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने या एका छिटाचा प्रवास ध्यानी घ्यावा.

कंपनी सरकारने डेऱ्याला मुलकी नोकरी दिली. हिवाळ्यात कलेक्टर फिरतीवर निघे. जमाबंदीची दफ्तरे, कारकून, पट्टेवाले आणि तंबू गाड्यांवर लादून पुढे रवाना होत. आणि मुक्कामाच्या आमराईत खलाशी दोन पदरी तंबू ताणून ठेवत. वरचे कापड आणि आतले छत यांमध्ये हातभर पोकळी ठेवली, की मधली हवा ऊन अडविते. भोवती चर खणला की पावसाचे पाणी आत येत नाही. मागे कनातीचे न्हाणीघर जोडले की साहेबाचे बिऱ्हाड पुरे झाले. या घाटाच्या तंबूस स्विस कॉटेज म्हणत, आणि आजही डोंगरातील आलिशान मुक्कामांच्या दरपत्रकावर ‘स्विस टेंट’ हे नाव छापलेले आढळते. स्वित्झर्लंडचा त्यात अंश नाही. तो हिंदुस्थानातल्या मुलकी अंमलाचा तंबू आहे. जबलपूरच्या ज्या कारखान्यात माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले काम करीत, तेथले तंबू त्या काळी नावाजलेले होते. ज्यांनी वाटसरूंच्या मुक्कामावर घाला घातला, त्यांच्याच हातून वाटसरूंचे छप्पर विणून घेतले गेले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात अत्यंत विलक्षण वाटते. मैसूर संस्थानात काबिनी नदीकाठच्या काकनकोटच्या जंगलात रानहत्ती धरण्याचे खेद्दे होत, तेव्हा महाराजांच्या पाहुण्यांसाठी कापडी वसाहत उभी राही. त्याच काबिनीकाठी कर्नाटक सरकारची १९८० साली स्थापन झालेली जंगल लॉजेस ही कंपनी आज पर्यटकांस तंबूत उतरविते.

पहिल्या घराण्याचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल, कारण त्याने दफ्तरे ठेवली नाहीत. मेंढरांमागे कोकणात उतरणारा धनगर आणि आषाढीच्या वाटेवर दिंडीची राहुटी स्वतः ठोकणारा वारकरी हे त्याचे आपल्याकडील मानकरी. युरोपात एडवर्ड व्हिंपरने १८६० च्या सुमारास आल्प्ससाठी तळ शिवलेला, चार काठ्यांचा तंबू बनविला, आणि गिर्यारोहकांनी तो दीर्घकाळ वापरला. १९७५ मध्ये बकमिन्स्टर फुलरच्या भूमितीवर आधारलेला घुमटाकार तंबू बाजारात आला, जो वाऱ्यास सर्व बाजूंनी सारखा तोंड देतो. सह्याद्रीत पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या तरुणांचा तंबू या कुळातला, आणि तो उभारताना बोटांस जे कष्ट होतात ते मी सुखाचाच भाग समजतो.

पवना धरणाच्या काठी, लोहगड आणि तुंग यांच्या छायेत, ही दोन्ही घराणी आज एकत्र आली आहेत. घुमट व्हिंपर-फुलरच्या वंशाचे, रीत पेशखान्याची: पाहुणे सायंकाळी येतात, आणि दुपारीच गावातल्या तरुणांनी मेखा ठोकून, बिछाने घालून, चुलाणे पेटवून ठेवलेले असते. मात्र एका बाबतीत येथे वंशपरंपरेस छेद गेला आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अबुल फजलने हजार फर्राशांची संख्या लिहिली, नाव एकाचेही लिहिले नाही. हरिपंतांच्या फौजेतील फरासांची, साहेबाच्या खलाशांची ओळखही कोणी राखली नाही. पवनेकाठी मात्र ज्या गावांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्या गावांतली काही मंडळी उरलेल्या पडीवर स्वतःच्या मालकीचे तळ चालवितात. तंबू त्यांचा, जागा त्यांची, पिठले-भाकरी त्यांच्या घरची, आणि फलकावर नाव त्यांच्या कुटुंबाचे. पावसाळा ओसरला की ते कापड उन्हात घालतात, कुजलेले दोर बदलतात, आणि मराठ्यांच्या फौजा ज्या दसऱ्यास सीमोल्लंघन करीत, त्याच्याच आगेमागे त्यांचा हंगाम सुरू होतो.