जवारी
जवारी : तंबोरा, सतार, रुद्रवीणा इ. तंतुवाद्यांच्या घोडीच्या माथ्याला दिलेला किंचित बहिर्वक्र उतार आणि त्यामुळे तारेच्या नादाला लाभणारा झंकार, अशा दोन्ही अर्थांनी हा शब्द रूढ आहे. कानशीने माथा घासून हा उतार पुन्हा जुळविण्यास ‘जवारी काढणे’ म्हणतात.

तारांची उंची घोडीवरून नियंत्रित करणे हे बहुतेक तंतुवाद्यांत आवश्यक असते. गिटारच्या घोडीत हाडाची अरुंद पट्टी बसविलेली असून तार तिच्या कडेवर टेकते. तारा पडद्यांपासून फार उंच असल्यास पट्टीचा तळ घासतात किंवा कमी उंचीची नवी पट्टी घालतात. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्याने घोडीकडे २ मिमी. उंची घटविली, की तेथे तार सुमारे १ मिमी. खाली येते. हे काम मापपट्टीने साधते. जवारीचे काम मात्र कानानेच करावे लागते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते व तार तिच्या माथ्याला हलकेच घासत कंप पावते, त्यामुळे टेकण्याचा बिंदू सतत मागेपुढे सरकतो आणि मूळ स्वराबरोबर उच्च उपस्वर ठळकपणे उमटतात. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा किंवा रेशमाचा दोरा सरकवून हा परिणाम अधिक नेमका करतात. सतारीत झंकार मोकळा ठेवल्यास ‘खुली’ व आवरता ठेवल्यास ‘बंद’ जवारी म्हणतात.

या युक्तीची मुळे जुनी आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या संगीतरत्नाकरात एकतंत्री वीणेच्या वर्णनात घोडीवरील फुगीर धातुपत्रिका आणि तार व पत्रिका यांमध्ये घालावयाची बांबूची ‘जीवा’ यांचा निर्देश येतो. आजच्या दोऱ्याचे कार्य तेच होय. शास्त्रीय उलगडा मात्र फार उशिरा झाला. ज्या बिंदूवर एखाद्या उपस्वराचा निस्पंद असेल, तेथे तार छेडल्यास तो उपस्वर उमटत नाही, असा यंग यांचा नियम होता; तंबोरा व वीणा तो मोडतात आणि त्याचे कारण घोडीच्या आकारात आहे, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले.

महाराष्ट्रात या कारागिरीचे प्रमुख केंद्र मिरज हे होय. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात येथे सतार-तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला, अशी परंपरा आहे. त्यांच्या वंशजांनी पुढे ‘सतारमेकर’ हे आडनाव धारण केले. भोपळे पंढरपूर परिसरातून येतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या वाद्यांचा मोठा ग्राहक पुणे शहर राहिले. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज, अब्दुल करीमखाँ यांनी १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय आणि विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये गांधर्व महाविद्यालय पुण्यात स्थापन केले. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरू लागला. पुण्याच्या संगीतविचारातही जवारीला, तिचे नाव फारसे घेतले न जाता, स्थान मिळाले. कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीमखाँ यांनी गळ्याचे साहाय्य दिले. खाँसाहेब वाद्यदुरुस्तीतही निष्णात होते, हा योगायोग मानता येत नाही. षड्जाच्या तारेतून पाचवा उपस्वर म्हणून येणारा ‘स्वयंभू’ गांधार हा श्रुतिचर्चेतील कळीचा पुरावा होता. पण जवारी उतरलेल्या तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येत नाही. गणित कितीही बिनचूक असले, तरी त्याची साक्ष घोडीच्या माथ्यावरच अवलंबून होती.

हा माथा टिकत नाही. तारांच्या घर्षणाने त्यात चरे पडतात, तार त्यांत रुतून बसते व नाद चिरका किंवा मुका होतो. मग तारा सैल करून बाजूला सारावयाच्या, कानशीने व नंतर काचकागदाने माथा घासावयाचा, तारा पुन्हा चढवून स्वरात आणावयाच्या व ऐकावयाचे. समाधान होईपर्यंत हे चालते. गिटारप्रमाणे तळ घासून येथे भागत नाही, कारण बिघाड माथ्यावरच असतो. प्रत्येक दुरुस्तीत मात्र घोडीची उंची थोडी घटते. सतारीत त्यामुळे तारा पडद्यांच्या फार जवळ येतात व मींड ओढताना अडखळतात. तेव्हा घोडीखाली पातळ लाकडी चकती देतात अथवा लाकडी पाय तसेच ठेवून वरची पट्टी बदलतात. नव्या पट्टीची जवारी पहिल्यापासून काढावी लागते, त्यामुळे जुनी पट्टी असेतो वादक सहसा ती सोडत नाहीत.

पट्टीसाठी पूर्वी हस्तिदंत व सांबराचे शिंग यांना पसंती असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे हा व्यापार बंद झाला. आता उंटाचे हाड, आबनूस व कृत्रिम प्लॅस्टिके वापरतात. प्लॅस्टिकवर चरे उशिरा पडतात, तथापि त्याचा नाद कोरडा वाटतो, अशी अनेक वादकांची तक्रार आहे.