दोन वस्ताद

वरूडच्या संत्राबागायतदारांपैकी एका पित्याने मध्यंतरी आम्हांस विचारले, "फादर, पोरगा अमरावतीले जातो म्हणते, खेळाचा मास्तर व्हाले. जलमभर खेळ शिकवून भेटते काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना दोन वस्तादांची हकिगत सांगितली.

पहिले आपल्याच जिल्ह्यातील. अंबादासपंत वैद्य व त्यांचे बंधू अनंतराव यांनी १९१४ साली अमरावतीत जे कार्य आरंभिले, तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. कुस्ती, लाठी, मल्लखांब शिकविता शिकविता ते शिकविणारेही घडवीत गेले. १९३६ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. त्या मानाविषयी बोलताना आम्ही किंचित अडखळतो, कारण ते बर्लिन हिटलरचे होते. मात्र आपल्या तरुणांचे कसब त्याने उणे होत नाही. १९६७ मध्ये मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय उभे राहिले. नावात हनुमान आहे म्हणून आपल्यापैकी काही कुटुंबे बिचकतात. आम्हांस ते अनाठायी वाटते.

दुसरे अमेरिकेतील जॉन गॅलार्डी. तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू हाती धरून धावावयाचे आणि प्रतिपक्षाने अंगावर झेपावून पाडावयाचे. १९४३ साली शाळेचे प्रशिक्षक युद्धावर गेले, तेव्हा सोळा वर्षांच्या या कॅथलिक मुलाने संघाची सूत्रे हाती घेतली. सरावात पाणी पिऊ न देण्याची तत्कालीन रीत त्याने प्रथम मोडली. १९५३ पासून मिनेसोटातील बेनेडिक्टाइन मठवासीयांच्या सेंट जॉन्स या लहानशा महाविद्यालयात ते प्रशिक्षक होते. ते शिटी वापरीत नसत, सरावात कोणास आपटू देत नसत आणि खेळाडूंनी त्यांना 'सर' न म्हणता नुसते 'जॉन' म्हणावे असा त्यांचा आग्रह असे. इतर प्रशिक्षकांनी यास लाड म्हटले असते. परंतु २०१२ साली निवृत्त होईतो त्यांच्या नावावर ४८९ विजय होते. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तोवर इतके कोणासही साधले नव्हते. चार वेळा राष्ट्रीय विजेतेपदही मिळाले. मोठ्या विद्यापीठांची बोलावणी नाकारून जन्म एका मठाच्या आवारात काढणे, हे आम्हांस त्या आकड्याहून मोठे वाटते. २०१८ मध्ये ते निवर्तले.

वैद्य बंधूंचे असे विजय कोणी मोजले नाहीत. मोजावेत तरी कसे? त्यांच्या शिष्यांचे शिष्य शाळाशाळांतून कवायत घेत राहिले.

पित्याने सारे ऐकून घेतले. मग टोपी सारखी करीत म्हणाले, "आंबिया बहार विकल्यावर फी भरली तं चालन काय, फादर?"